फ्लॉपीची खरी नक्कल

लिफाफा फोडला तेव्हा आधी आमचंच पत्र बाहेर आलं आणि त्याच्या पाठोपाठ फ्लॉपीचं झेरॉक्स. काळाकुट्ट चौकोन, मध्ये पांढरं वाटोळं, वरच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर माझं अक्षर: ‘गुणवत्ता यादी, दोषासहित’. चौकोनाच्या खाली कार्यालयाचा गोल शिक्का, त्याला लागून ‘खरी नक्कल’ असा आडवा शिक्का, आणि दोन्हींच्या मधून साहेबांची सही, तारीख घालून. दुसऱ्या कागदावर फ्लॉपीची पाठ. पाठीलाही शिक्का, पाठीलाही सही. मी ते दोन कागद हातात धरून बसून राहिले. हसायला हवं होतं, पण तोंडाला पितळेची चव आली. लहानपणी ताप चढायच्या आधी मला तशी चव यायची. संगणक पुरवणाऱ्या कंपनीचं उत्तर चार ओळींचं होतं. मुंबईच्या देखभाल विभागातल्या कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं की आपल्या तक्रारीसोबत फ्लॉपी मिळाली नाही, फ्लॉपीची छायाप्रत मिळाली, ती आमच्या यंत्रात घालता येत नाही. सोबतची यादी तपासली. तिच्यात अनुक्रमांक सलग आहेत, एकही नाव गळलेलं नाही. सबब प्रोग्रॅममध्ये दोष नाही, माहिती भरणाऱ्याकडून नाव भरायचं राहिलं असावं. ‘यंत्रात घालता येत नाही’ हे त्यानं गंभीरपणे लिहिलं की शेजारच्याला दाखवून खदाखदा हसत लिहिलं, ते कळायला मार्ग नव्हता. बहुतेक हसला असेल. मी त्याच्या जागी असते तर मीही डब्याच्या सुट्टीत चार जणांना सांगितलं असतं की रत्नागिरीहून फ्लॉपीचा फोटो आलाय, साक्षांकित. पण मी त्याच्या जागी नव्हते. मी माहिती भरणारी होते. उमा परशुराम ताम्हनकर, संगणक कक्ष, अस्थायी.

माझं एक वेळ राहू दे, पण त्या चार ओळींत राही नावाच्या मुलीची जागा गेली. आमचं मंडळ परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी मुली निवडतं. मार्कांप्रमाणे यादी लागते, वरच्या पन्नास मुली आत जातात आणि बाकीच्या घरी. राही लांज्याच्या आतल्या अंगाच्या एका गावातली. मार्क चांगले, वय मात्र अटीच्या काठावर. यंदा नाही तर पुढच्या वर्षी अर्ज करायचीही सोय नाही. यादी लागली त्या दिवशी ती बापाला घेऊन आली, फळ्यासमोर उभी राहून बोट फिरवत सगळी पानं वाचली आणि मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, “बाय, माज्यापेक्षा कमी मार्कांची पोर लागली. माजं नाव नाय.” ती रडत नव्हती. हिशेब विचारत होती. मी यादी काढली आणि पहिल्या पानाच्या तळाशी माझी नजर अडकली. पान एकोणचाळिसाव्या मुलीवर संपत होतं आणि दुसरं पान एक्केचाळिसाव्या मुलीनं सुरू होत होतं. यंत्राच्या आत राहीचं नाव होतं, मीच भरलेलं, पडद्यावर दिसत होतं. कागदावर नव्हतं. मी जेवण सोडून तपासत बसले तेव्हा लक्षात आलं की पान भरलं की प्रोग्रॅम नव्या पानाचा मथळा छापायला धावतो आणि हातात धरलेलं नाव तिथंच टाकून पुढं निघून जातो. पानाला एक मुलगी अशा हिशेबानं मुली गळत होत्या. पुढच्या पानांवरच्या मुली तशाही निवडीत बसत नव्हत्या. बसत होती ती एकटी राही.

हे मी साहेबांना त्याच दिवशी सांगितलं. साहेब वाईट माणूस नाही, आणि तीच तर अडचण आहे. वाईट असता तर मनातल्या मनात शिव्या घालून मोकळी झाले असते. ते म्हणाले, “ताम्हनकरबाई, यादीत हातानं नाव घालायचं नाही म्हणून तर हे यंत्र घेतलं. पूर्वी कुणाची भाची, कुणाची मेहुणी शाईनं घुसायची, तुम्हाला माहीत आहे. मी आज एक नाव हातानं घातलं की उद्या दहा उभ्या राहतील. कंपनीनं दोष लेखी मान्य करू दे, मी तासाभरात नवी यादी लावतो.” हे त्यांचं खरं होतं. यंत्र दसऱ्याला आलं तेव्हा त्याच्यापुढं नारळ फोडला होता, पडद्याच्या कपाळावर हळदकुंकू लावलं होतं, त्याचा पिवळा डाग अजून गेलेला नाही. संगणक कक्षात चपला घालून कुणी येत नाही. आत थंडगार हवा, बाहेर कागद दमटपणानं पापडासारखे फुगलेले. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्या खोलीत हळू बोलतात. अशा देवानं एक मुलगी गाळली हे कुणाला पटणार? मी मात्र हुशारीनं सगळं केलं, निदान मला तसं वाटत होतं. तक्रार लिहिली, दोष कसा होतो ते पायरीपायरीनं सांगितलं, ज्या माहितीवर दोष दिसतो तिची फ्लॉपी काढली, यंत्रानं छापलेली पहिली दोन पानं घडी न घालता गुंडाळली आणि पत्राच्या शेवटी लिहिलं, ‘सोबत: फ्लॉपी एक, छापील यादी पाने दोन’. मग ते सगळं आवक-जावकच्या शेट्यांच्या टेबलावर ठेवलं आणि कंपनीच्या उत्तराची वाट पाहिली. उत्तर आज आलं. जागा भरायची शेवटची तारीखही आजचीच.

हरिहर शेट्ये आमच्याकडे आवक-जावक सांभाळतात. सरळ माणूस. चहाचे पैसेसुद्धा कुणाला देऊ देत नाहीत. मी झेरॉक्स त्यांच्यापुढं ठेवून विचारलं, “शेट्ये, माझी फ्लॉपी कुठाय?”

“आहे की. जाणार कुठं?” त्यांनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. “कुलपात ठेवली आहे. इतकी महागाची वस्तू.”

“मुंबईला का नाही पाठवलीत?”

“काय तरी काय बोलता उमाताई! मूळ बाहेर जात नाही. सत्यप्रत जाते. पोस्टात गहाळ झालं मूळ, तर मान कुणाची? माझी.”

“अहो, पण तो कागद नाहीये.”

“कागद असो नाहीतर शहाळं असो. तुम्ही पत्रात ‘सोबत’ म्हणून लिहिलंत ना? मग ते सहपत्र झालं. सहपत्राला नियम एकच. मी साहेबांसमोर मूळ आणि नक्कल दोन्ही ठेवली. त्यांनी ताडून पाहिली आणि सही केली.” त्यांनी फाईल उघडून माझ्याकडे फिरवली. त्यांना अभिमान वाटत होता, आणि काम नेटकं होतं हे नाकारता येणार नाही. फ्लॉपीचं कागदी पाकीट वेगळं काढून त्याला पानक्रमांक घातला होता, फ्लॉपीला त्याच्या पुढचा. फाईलचा पांढरा टॅग फ्लॉपीच्या मधल्या गोल भोकातून ओवून पाठीमागं गाठ मारली होती. ‘मूळ प्रत’ हा शिक्का तिच्यावर इतका जोरात बसला होता की कडा उमटली होती, आणि आतली तपकिरी चकती जिथं उघडी दिसते तिथं जांभळी शाई ओघळून वाळली होती. मी बघत राहिले म्हणून शेट्ये घाईनं म्हणाले, “भोक मी पाडलेलं नाही हां. ते कंपनीकडूनच पाडून आलंय. बरं झालं, पंच मारावा लागला नाही.”

मला ओरडायचं होतं. ओरडणार कुणावर? या माणसानं बावीस वर्षांत एक कागद हरवू दिला नाही. त्याच्या कपाटात अख्ख्या जिल्ह्यातल्या मुलींचे दाखले, गुणपत्रिका, जन्माचे उतारे कसर न लागता पडून आहेत. मी फक्त विचारलं, “आणि यादी? ती तर यंत्रानं छापलेली होती. तिच्यात आकडा तुटलेला स्पष्ट दिसत होता.” शेट्ये म्हणाले, “तो भला मोठा कागद झेरॉक्सवाल्याच्या यंत्रावर मावेना. मग मालिनीबाईंकडे टाईप करायला दिला.” मालिनी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. माझी मैत्रीण म्हणायला हरकत नाही. ओल्या नारळाच्या वड्या केल्या की माझ्या वाट्याच्या कागदात बांधून आणते. नाव ऐकून तिनं मान वर केली आणि हसून म्हणाली, “अगो हो, तुला सांगायचंच राहिलं. तुझा एक आकडा सुटला होता, एकोणचाळीसनंतर एकदम एक्केचाळीस. मी पुढचे सगळे आकडे ओळीनं नीट करून टाकले. मुंबईला जायचा कागद, हसतील नाही आपल्याला? सबंध दुपार गेली हो माझी. चहा पाज आता.” ती वाट बघत होती, मी काहीतरी चांगलं बोलेन म्हणून. माझ्या तक्रारीतला एकुलता एक पुरावा तिनं मायेनं पुसून टाकला होता. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की तिच्या कपाळावरची टिकलीसुद्धा बघवेना, आणि मी म्हटलं, “पाजते.” आम्ही सगळे असेच वाढलेलो. चूक दिसली की आधी ती झाकायची, पाहुण्यांसमोर तर नक्कीच. चूक तशीच्या तशी, उघडीवाघडी, परक्याच्या हातात द्यायची असते आणि तरच ती दुरुस्त होते, हे आम्हाला कुणी शिकवलं? मला तरी कुणी?

मला तर उलटच शिकवलं होतं. नाना, माझे वडील, हेडमास्तर होते आणि त्यांना साक्षांकनाचा अधिकार होता. रविवारी सकाळी आमच्या ओटीवर माणसांची रांग लागायची. नोकरीला निघालेली मुलं, प्रवेशाला निघालेली मुलं, हातात दाखल्यांच्या नकला. नाना खुर्चीत सरळ बसायचे, जानव्याला कपाटाची किल्ली, पुढ्यात शाईची गादी. “मूळ दाखव,” म्हणायचे. मूळ उजेडात धरायचे, नकलेवर एकेक ओळ बोटानं ताडायचे आणि मगच शिक्का. शिक्क्याची ओली शाई फुंकायचं काम माझं. ती वळणदार जांभळी अक्षरं वाळताना बघायला मला आवडायचं, आणि आपला बाप खरं काय ते ठरवणारा माणूस आहे याची ऐट वाटायची. ते मूळ परत करताना प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचे की हे घराबाहेर काढू नकोस, लागेल तिथं नक्कल दे. माझी बीएस्सी झाली आणि मुंबईच्या एका कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा मी सुटकेस भरून ओटीवर आले तर नानांनी माझ्या हातात नकलांचा गठ्ठा दिला. प्रत्येकीवर त्यांचाच शिक्का, त्यांचीच सही. बाप मुलीच्या कागदांवर साक्षीदार. “आणि मूळ?” मी विचारलं. “मूळ कपाटात. प्रवासात हरवलं तर जन्मभर रडशील.” मी रातराणी एसटीनं गेले. सकाळी टेबलापलीकडच्या माणसानं माझ्या नकला चाळल्या, सही कुणाची म्हणून विचारलं, आडनाव जुळतंय म्हणून हसला आणि म्हणाला, “ओरिजिनल घेऊन या, मग बघू.” मग माझे कागद बाजूच्या ढिगावर ठेवले. ते ठेवण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी परत आले. दुसऱ्यांदा कुणी बोलावलं नाही. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, घरात भात टाकायला दुसरं कुणी नव्हतं. पण नाना तसं कधी बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता आलं असतं. कागदाच्या काळजीशी कसं भांडायचं?

टॅग सोडून मी फ्लॉपी हातात घेतली. शेट्ये म्हणाले, “पोच लिहून द्या,” आणि मी पोच लिहून दिली. संगणक कक्षाच्या दाराशी चपला काढल्या, थंड फरशीवर पाय ठेवला, फ्लॉपी यंत्राच्या तोंडात सरकवली. आतून खरवड काढल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. पडद्यावर इंग्रजीत उमटलं की वाचता येत नाही. दुसरी काढून देता आली असती. सगळी माहिती माझ्याकडच्या फ्लॉपीवर होतीच. पण ती मुंबईला पोचणार कधी, आणि आजची संध्याकाळ तोवर थांबणार होती का? साहेबांनी माझ्या आग्रहाखातर ट्रंककॉल लावला. दुपार उलटल्यावर तो लागला. तिकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, “मॅडम, फ्लॉपी पाठवा, आठवड्याभरात बघतो.” मी म्हटलं, आज तोंडी तरी सांगा की असा दोष असू शकतो. तो म्हणाला, “असू शकतो काय, काहीही असू शकतं. पण बघितल्याशिवाय कसं सांगू? तुम्ही तर फोटो पाठवलात.” तेव्हा मात्र तो हसला, मला स्पष्ट ऐकू आलं. साहेबांनी माझ्या हातून रिसीव्हर घेऊन ठेवला, चष्मा काढून पुसला. “माझे हात बांधलेत, बाई. लेखी उत्तर आलंय की दोष नाही. पाचला यादी बंद करतो. आणि माहिती भरताना चूक झाली असं त्यांनी म्हटलंय, त्याचा खुलासा तुम्हाला उद्या द्यावा लागेल.” मी म्हटलं, “नकलेवर सही तुमची आहे, साहेब.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “नक्कल बरोबरच होती. मी ताडून पाहिली.” चिडून नाही, अगदी मनापासून. मला नानांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं आणि मी बाहेर आले.

बाहेर बाकावर राही बसली होती, शेजारी तिचा बाप केरू. केरू पूर्वी मुंबईच्या गिरणीत होता, आता गावात भात करतो. दोघांच्या पायांशी पत्र्याची पेटी आणि सतरंजीत बांधलेली वळकटी. मला वळकटीची सुतळी दिसली आणि पुढं पाऊल टाकवेना. केरू ओशाळून उठला. “म्हटलं नाव लागलांच तर आजच हजर व्हायला सांगतील. परत गावात जाऊन पेटी आनायची म्हंजी गाडी नाय.” राही उठली नाही. तेल लावून चापूनचोपून बसवलेले केस, नवी रबरी चप्पल, मांडीवर दोन्ही हात. तिनं माझा चेहरा वाचला. यादी वाचली होती तशीच, वरून खाली, न चुकता.

“नाय ना झालां?”

“नाही झालं.”

“माजी काय चूक झाली, बाय?”

“तुझी काही चूक नाही.”

“मंग कुनाची?”

खरं उत्तर द्यायचं तर मला त्या बाकावर बसून संध्याकाळपर्यंत बोलावं लागलं असतं. मथळा छापायला धावणारा प्रोग्रॅम, शिक्का मारणारे शेट्ये, आकडे नीट करणारी मालिनी, ताडून पाहणारे साहेब, हसणारा मुंबईचा माणूस. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं. मी म्हटलं, “यंत्राची.” केरूनं मान डोलावली आणि अतिशय समजूतदारपणे म्हणाला, “मंग यंत्राला वायच सांगून बगा ना.” मला त्याच्याकडे बघता आलं नाही. मी भिंतीवरच्या ओल्या डागाकडे बघत होते. उत्तर राहीनं दिलं. “ऱ्हावदे बाबा. बाय, माजे कागद तेवडे द्या. मामा मुंबईत हाय, त्याच्या वळखीचं एक हास्पिटल हाय, तिथं पोरींना घेऊन शिकवतात. पन मूळ कागद दाकव म्हनतात. नकला चालत नायत.”

नकला चालत नाहीत. अर्जासोबत मूळ कागद जमा करायचे हा मंडळाचा नियम, आणि निवडीचं सगळं काम पुरं होऊन फाईल बंद झाल्याशिवाय ते परत द्यायचे नाहीत हा त्याच्या पोटातला नियम. म्हणजे दिवाळी उलटल्यावर. तोपर्यंत मामाच्या ओळखीचं हॉस्पिटल थांबणार नाही. कुणीच कुणासाठी थांबत नाही. मी आत गेले आणि शेट्यांकडे राहीची फाईल मागितली. त्यांनी दिली, मला फाईल बघायचा अधिकार आहे. मी त्यांच्याच टेबलावर ती उघडली, टॅगची गाठ सोडली आणि गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला असे दोन्ही कागद टॅगमधून वर ओढून काढले. शेट्ये खुर्चीतून अर्धे उठले.

“उमाताई, काय करताय? मूळ आहे ते!”

“म्हणूनच काढतेय.”

“अहो, बाहेर जात नाही मूळ! तिला हव्या तर नकला देतो. दोन देतो, चार देतो, आत्ता साहेबांची सही आणतो. फाईलमध्ये भोक पडेल, पानक्रमांक मोडतील!” त्यांचा आवाज कापत होता. चोरी पकडल्यावर माणूस असा बोलत नाही. घरातल्या कुणाला लागलं की बोलतो. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचाच संताप आला. फाईलमध्ये मोकळी जागा खरोखरच दिसत होती. सकाळी त्याच टेबलावर ठेवलेले फ्लॉपीचे दोन झेरॉक्स मी त्या जागी घातले, टॅगमध्ये ओवले, राहीच्या कागदांचे पानक्रमांक त्यांच्या कोपऱ्यात लिहिले आणि गाठ मारली. “घ्या,” मी म्हटलं, “पानं भरली. खरी नक्कल आहे. साहेबांची सही आहे, शिक्का आहे, ताडून पाहिलेली आहे.” मालिनीनं टाईप करायचं थांबवलं होतं. शेट्ये त्या काळ्या चौकोनाकडे बघत हळूच म्हणाले, “मला हे वर लिहावं लागेल.” “लिहा,” मी म्हटलं, “आणि सोबत काय जोडायचं ते जोडा.” आवाज माझाच होता, पण कुणातरी दुसऱ्या बाईनं काढल्यासारखा. उद्या खुलाशाच्या जोडीला हेही येणार होतं. अस्थायी माणसाला काढायला एक कारण पुरतं, इथं तर दोन झाली. भीती वाटत होती. लपवण्यात अर्थ नाही.

राहीनं कागद हातात घेतले आणि एकेक उजेडात धरून पाहिला. नानांसारखाच. मग म्हणाली, “भोकां पाडलीत.” गुणपत्रिकेला पंचची दोन भोकं होती, एक बरोबर गणिताच्या आकड्याला चाटून गेलेलं. “चालतील?” तिनं विचारलं. “चालतील,” मी म्हटलं, आणि मला खात्री नव्हती. केरूनं वळकटी खांद्यावर घेतली, तिनं पेटी उचलली. ती जड होती. चालताना तिचा एक खांदा खाली गेला होता. दोघं एसटी स्टँडच्या बाजूला वळली. तिनं आभार मानले नाहीत. कशाचे मानायचे? तिची हक्काची जागा मी तिला देऊ शकले नव्हते, आणि तिचेच कागद तिला भोकं पाडून परत दिले होते. माझ्यामागं फळ्यावर शिपाई अंतिम यादी लावत होता, टाचण्या तोंडात धरून. पहिलं पान, मग दुसरं. एकोणचाळीस, एक्केचाळीस. जवळून वाचलं तरच कळेल, आणि जवळून वाचणारी तर निघून गेली होती.

घरी गेले तेव्हा नाना ओटीवर खुर्चीत होते, रेडिओ लहान आवाजात लावून. उजेड होता अजून. मी चपला काढल्या आणि म्हटलं, “नाना, कपाटाची किल्ली द्या.” 

“आज मधेच?” 

“माझे कागद बघायचेत. मूळ.” 

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, मग जानव्याची गाठ चाचपली. “हात धुऊन ये,” म्हणाले. मी हात धुऊन आले. किल्ली त्यांनी मला दिली नाहीच. स्वतः उठले, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले, कपाट उघडलं. मेणकापडात गुंडाळलेली पुठ्ठ्याची घडी, तिच्यात कडुलिंबाचा वाळका पाला, कापराची पुडी. त्यांनी एकेक पदर सोडवला आणि माझी पदवी टेबलावर पसरली. “बघ,” ते म्हणाले, “कसर नाही, बुरशी नाही. या हवेत कागद असा राहत नाही, उमे. ठेवावा लागतो.” खरंच तसा होता. पांढराशुभ्र, कडा कोऱ्या, माझं नाव काळ्याभोर शाईत, जणू कालच लिहिलेलं. एक घडी नाही, एक भोक नाही, कुणाच्या बोटाचा डाग नाही. राहीच्या पेटीत आत्ता कुठंतरी हातखंबा गावाच्या पुढं एसटीत हादरे खात चाललेले ते भोकं पडलेले कागद मला आठवले आणि माझ्या या कागदाचा असा तिरस्कार वाटला की तो चुरगाळावासा वाटला. मी हात लावला नाही. नाना बाजूला उभे होते, शाबासकीची वाट बघत. दुपारी मालिनी बघत होती तसेच.

“कुठं लागणार आहे का?” त्यांनी विचारलं.

मी विचार केला. उद्या ही नोकरी गेली तर कुठं कुठं अर्ज करता येईल ते मनात एकेक आठवून पाहिलं. सगळीकडे वयाची अट होती, आणि ती मी या कपाटाबाहेर उभी राहूनच ओलांडली होती. “नाही,” मी म्हटलं, “आता कुठं लागणार नाही.”

“नाही, लागलं तर सांग.” नानांनी खणातून एक जुनं पाकीट काढलं आणि माझ्यापुढं धरलं. आत पिवळट पडलेले कागद होते, प्रत्येकावर जांभळा शिक्का. “नकला आहेत अजून. तेव्हाच्याच. माझ्या सहीच्या.”

सकाळपासून अडलेलं हसू मला तेव्हा आलं. नाना दचकले, एक पाऊल मागं सरले, “काय झालं गो?” म्हणाले. मी हसत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते थांबायची वाट बघून त्यांनी माझी पदवी पुन्हा मेणकापडात गुंडाळली, कपाटात ठेवली, कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली जानव्याला बांधली.